घनसावंगीच्या देव्हाऱ्यातला रूमचा बादशहा

आमच्या केदारखेड्याच्या पारावर बसलं की रोज कोणी ना कोणी विचारतं, "दगडूबा, त्या परफेसराबरोबर कुठं गेल्ता? काय पाह्यलं?" सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शिवाय ऐकणारे घरी जाऊन आपल्या पदरचं घालतात. परवा तर एकानं मलाच सांगितलं की मी विलायतेला जाऊन आलो. म्हणून एकदाच लिहून टाकतो. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, त्यातले निम्मे दिवस बैलांमागं. ज्याला शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं दुसऱ्या कोणाचं वाचावं.

मी विलायतेला गेलो नाही. केदारखेड्याहून राजूर, राजूरहून जालना, आणि अंबडावरून घनसावंगी, एवढाच माझा प्रवास. पण आमच्या गावात जे शीव न ओलांडता म्हातारे झाले, त्यांना एवढंही पुष्कळ आहे.

केदारखेडा

माझी बायको गेल्या फाल्गुनात गेली. तापानं, तीन दिवसांत. चाळीस वर्षं आम्ही रोज भांडलो आणि जाताना बाई एक शब्द बोलली नाही. हे मला अजून पटलेलं नाही.

आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की तिचा टाक करतात. टाक म्हणजे चांदीचा दोन बोटं रुंद पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. तो देव्हाऱ्यात बसवायचा, सणाला आंघोळ घालायची, हळद-कुंकू लावायचं, निवद दाखवायचा. चांदी तिच्याच अंगावरची लागते. आमच्या बाईच्या पायात चांदीचे तोडे होते. ते वितळवून टाक करायचा, आणि तो वर्षश्राद्धाच्या आत व्हायला पाहिजे, असं थोरला पोरगा दसऱ्यापासून माझ्या कानाशी म्हणत होता.

मी आज-उद्या करत होतो. त्या तोड्यांचा आवाज मला बांधावरून ऐकू यायचा. ती भाकरी घेऊन येते आहे की भांडायला येते आहे, हे चालीवरून कळायचं. त्याचा पत्रा करायचा म्हणजे मला काही सुचत नव्हतं.

पौषात हैदराबादेहून परफेसर हबीबसाहेब आले. शेरवानी, जाड चष्मा, एक पेटी पुस्तकांची आणि एक पेटी पोटाच्या औषधांची. जन्म औरंगाबादचा, म्हणून मराठी बोलायचे, मधूनच उर्दूत शिरायचे. पंधरा वर्षं ते एकाच राज्याचा अभ्यास करत होते. त्या राज्याचं नाव रूम, राजधानीचं नाव कुस्तुंतुनिया, आणि ते राज्य बुडून पाचशे वर्षं होत आली. मी विचारलं, "मंग आता त्याचं काय करायचं?" साहेब म्हणाले, "किताब."

आमच्या गावात रूमचं सोन्याचं नाणं आहे असं त्यांना कोणीतरी कळवलं होतं. शोध घेतला तर ते पलटणीतून आलेल्या शिपायाच्या कोटाचं पितळी बटण निघालं. साहेबांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, अदबीनं परत दिलं आणि औषध घेतलं. तसंच एक नाणं घनसावंगीला एका घरी आहे, असं त्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. सुगीचे दिवस. गाडी घेऊन कोण जाणार? गावात रिकामा मी एकटाच.

थोरला म्हणाला, "बाबा, जाऊन राह्यलेच तर जालन्यात टाक करून घ्या."

"बघतो."

"बघतो न्हाई. आईला किती दिवस गाडग्यात ठेवता?"

तोडे मी धान्याच्या गाडग्यात ठेवले होते, ते त्याला ठाऊक होतं. त्यानं ते काढून, फडक्यात बांधून माझ्या पिशवीत घातले. घनसावंगीचं नाव काढल्यावर सून चुलीकडून म्हणाली, "सासूबाईचं माहेर त्याच बाजूला ना, मामंजी?"

होतं. बारा वर्षांमागं पटकीत तिचे दोन्ही भाऊ गेले, घर मोडलं. तरी ती म्हणायची, एकदा गंगेवर न्या, नुसता माहेरचा रस्ता बघून येऊ. गंगा म्हणजे गोदावरी. मी दरसाल म्हणायचो, सुगी झाल्यावर नेतो. आमच्या घरात बारा वर्षं सुगीच झाली नाही.

राजूरची वाट

छकड्यात साहेब पुस्तकांच्या पेटीवर बसले. पहिल्या ओढ्यात ते पेटीवरून घसरले, दुसऱ्या ओढ्यात पेटी त्यांच्यावरून. तिसऱ्या ओढ्याला ते चालतच आले.

दुपारी एका शेतात हुरडा चालू होता. शेतकऱ्यानं हाक मारली. साहेबांनी पोटावर हात ठेवून 'परहेज' म्हणून सांगितलं, म्हणजे पथ्य. शेतकऱ्याला तो शब्द कळला नाही. त्यानं ओंजळभर गरम हुरडा आणि लसणाची चटणी त्यांच्या हातावर ठेवली. साहेबांनी एक दाणा खाल्ला, मग दोन. मग शेरवानीची बटणं काढून मांडी घालून बसले. त्या दिवसापासून औषधाची पेटी उघडलेली मी पाहिली नाही.

हुरड्यानं माणूस मोकळा होतो. साहेब रूमच्या गोष्टी सांगू लागले. त्या राज्यात तख्तावर बसायला माणूस धडधाकट लागायचा. म्हणून भाऊबंदकी झाली की जीव घेत नसत, नाक कापत. नकट्याला बादशहा होता येत नव्हतं. एकजण मात्र नाक कापलेलं असूनही दहा वर्षांनी परत येऊन तख्तावर बसला आणि सगळ्यांचा सूड घेतला.

मी म्हणालो, "आमच्या गावाला हा कायदा पाह्यजे होता. भाऊबंदात एक नाक राह्यलं नसतं."

शेतकरी म्हणाला, "माझ्या चुलत्याचं आधी कापा."

मग साहेबांनी तसबिरींचा झगडा सांगितला. रूमचे लोक येशूचे आणि त्यांच्या संतांचे. घरोघर, देवळोदेवळी तसबिरी होत्या. एक बादशहा उठला आणि म्हणाला, ही लाकडं आणि रंग आहेत, ह्यांच्यापुढं वाकू नका, फोडून टाका. त्यावरून शंभर वर्षांहून जास्त मारामारी झाली. महालाच्या दरवाज्यावर येशूची मोठी तसबीर होती. ती फोडायला शिपाई शिडीवर चढला, तर खालच्या बायकांनी शिडीच ओढली. शिपाई वरून पडला तो पडलाच.

मला हसू आलं आणि मग आलं नाही. तिथं आमची बाई असती तर शिडीला पहिला हात तिचा लागला असता. पदर खोचून.

"साहेब, तुम्ही कोणाच्या बाजूचे?" मी विचारलं.

"मी? मी नमाज पढणारा आदमी. माझ्या घरात तसबीर नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "पण त्या बायकांनी शिडी ओढली, हे मी दर साल कॉलेजात शिकवतो. आणि दर साल मला बरं वाटतं."

राजूर

राजूरला गणपतीचं देऊळ आहे. चतुर्थी नव्हती तरी गर्दी होती. साहेब खाली बैलांपाशी थांबले, मी वर गेलो. बाई गेल्यापासून गणपतीचं आणि माझं बोलणं नव्हतं. मी हात जोडले नाहीत. एवढंच म्हणालो, तुझं माझं अजून मिटलेलं न्हाई, पण बैल निरपराध आहेत, त्यांना सांभाळ.

खाली आलो तर माझ्या पाखऱ्या बैलानं साहेबांच्या वहीची दोन पानं खाल्ली होती. साहेब त्याच्या जबड्याकडं बघत उभे होते.

"काय होतं त्यात?"

"एका सुलतानाचा तहनामा."

"मंग पचंल," मी म्हणालो.

जालना

जालन्याला आम्ही एक दिवस राहिलो. साहेबांनी आपल्या ओळखीच्या घरी नान आणि मटणाचा कलिया खाल्ला. मी सराईच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापली. पहिली करपली, दुसरी तुटली. चाळीस वर्षं मी भाकरीला नावं ठेवली. ती नीट गोल थापणं काय असतं, ते जालन्यात कळलं.

मग सोनाराकडं गेलो. साहेब बरोबर आले. त्यांना टाक कसा करतात ते पाहायचं होतं. सोनार मान वर न करता म्हणाला, "कोणाचा?"

"घरच्यांचा."

त्यानं पितळेचा एक साचा काढून समोर ठेवला. त्यात खोदलेली एक बाई होती. दोन ठिपके डोळे, एक रेघ नाक, हातात काहीतरी, ते फूल होतं की पळी, कळत नव्हतं.

"ही कोण?" मी विचारलं.

"बाई."

"कोणाची?"

"सगळ्यांची. अहो बाबा, हा साचा माझ्या आज्याचा. ह्या पेठेत जेवढ्या सवाष्णी गेल्या तेवढ्या ह्याच्यातून निघाल्या. कोणाची तक्रार न्हाई."

"आमचीचं नाक असं न्हवतं."

"टाकात नाक कोण बघतं?"

"मी बघतो."

सोनारानं मान वर केली. "मंग कसं होतं?"

मी सांगायला गेलो आणि मला सांगता येईना. बसकं होतं का? थोडं. डाव्या बाजूला चमकी होती. रागावली की... आणि पुढं काही आठवेना. दहा महिन्यांत नाक विसरलो. सोनाराचा हात तोड्यांसाठी पुढं आलेला होता. मी म्हणालो, "तुझ्या आज्याला शेंदूर फास आणि त्यालाच बसव देव्हाऱ्यात." आणि उठलो.

बाहेर आल्यावर साहेब माझ्या चालीनं पेठेच्या टोकापर्यंत आले. मग म्हणाले, "दगडूबा, वर्षश्राद्धाला किती दिवस आहेत?"

"महिना."

"मग आधी घनसावंगी बघू. येताना जालना लागतंच."

म्हणजे काय, तर माझी फाशी पुढं ढकलली होती, माफ झाली नव्हती.

घनसावंगी

अंबड सोडलं की रान बदलतं. आमच्याकडची हलकी जमीन संपते आणि काळी सुरू होते. ऊस, कापूस, गुऱ्हाळाचा धूर. माणसं गोड बोलतात, रसाचा तांब्या हातात देतात आणि आपला तो पिऊन झाला की मग जात विचारतात. आमच्याकडं आधी विचारतात. हाच काय तो फरक.

ते घर गयाबाई नावाच्या म्हातारीचं होतं. माझ्याच वयाची, ताठ, आवाज भांडं आपटल्यासारखा. साहेबांनी ओट्यावर बसून कारण सांगितलं. ती म्हणाली, "नाणंबिणं आमच्याकडं काही न्हाई. आमची मालनबाई हाये. माझी आजेसासू."

आजेसासू वारली तेव्हा घरात चांदीचा गुंजभर तुकडा नव्हता. टाक करायचा कशाचा? तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नांगर धरला तर फाळाला सोन्याची चकती लागली, तिच्यावर माणसाचं तोंड. घरच्यांनी ओळखलं, आली परत. तेव्हापासून तिला देव्हाऱ्यात बसवलेली.

गयाबाईनं माजघराचं दार उघडलं. साहेब ओट्यावरून, मी उंबऱ्यातून पाहत होतो. देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी, आणि त्यांच्यामध्ये हळदीनं माखलेली मालनबाई. डोक्यावर मुकुट, मुकुटावर क्रूस, आणि छातीपर्यंत दाढी.

साहेब हळूच म्हणाले, "बाई, ह्यांना दाढी आहे."

गयाबाई म्हणाली, "म्हातारपणी थोडी आल्ती."

मी खांबाकडं तोंड फिरवलं. साहेबांच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. पंधरा वर्षं ज्याच्या मागं फिरले तो रूमचा बादशहा समोर हळद-कुंकू लावून, पुढ्यात गुळाचा खडा घेऊन बसला होता. त्यांनी एवढंच विचारलं की मालनबाईंना थोडा वेळ उजेडात आणता येईल का. ठसा घेतो, लिहून घेतो, परत देतो.

"उठवता येती," गयाबाई म्हणाली. "पण जागा मोकळी ठेवत न्हाईत. एक उठली की दुसरी बसली पाह्यजे. अंगावरची चीज लागती, गेलेल्या सवाष्णीची. आमच्या घरात दुसरी कोणाची न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. वही मिटली आणि पेन्सिल खिशात ठेवली. पंधरा वर्षं वाहून आणलेली पेटी त्या उंबऱ्याशी अडली होती आणि माझ्या पिशवीत तोडे होते. मी मनात त्यांना, गयाबाईला आणि मालनबाईच्या दाढीला शिव्या दिल्या, फडकं सोडलं आणि एक तोडा काढला.

गयाबाईनं तो दोन्ही हातांनी घेतला. उलटून पाहिला. आतली बाजू झिजून गुळगुळीत झाली होती. "लई चालली बाई," ती म्हणाली. मग तिनं त्याला पाण्यानं आंघोळ घातली, पुसला, हळद लावली. कुंकवाचं बोट उचललं आणि थांबली.

"नाव काय?"

मी फडक्याची गाठ पुन्हा बांधू लागलो.

"अहो, नाव सांगा. नावाशिवाय कोणाला बसवू?"

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. लग्नात घास भरवताना चार बायकांनी घेरलं, तेवढं एकदा घेतलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षं 'अगं ए', 'ऐकलं का', आणि रागात नुसतं 'ए'. ती मेली तेव्हा पोरं 'आई' म्हणून रडली, सुना 'सासूबाई' म्हणून. मी काय म्हणून रडणार? म्हणून मी रडलोच नव्हतो.

"भागीरथी," मी म्हणालो.

आवाज मोठा निघाला. ओट्यावरचं कुत्रं उठलं.

"भागीरथीबाई, बसा," गयाबाई म्हणाली आणि कुंकू लावलं. मग मी अंगणात बैलांकडं गेलो आणि बराच वेळ तिकडंच होतो. पाखऱ्यानं माझा खांदा चाटला. त्याला मीठ लागलं असेल.

परत आलो तर साहेब उन्हात पांढऱ्या कपड्यावर नाणं ठेवून बसले होते. ठसा घेऊन झाला होता. नुसते बघत होते. बादशहाचं नाव त्यांनी मला तीनदा सांगितलं. माझ्या जिभेला ते वळलं नाही. हजारावर वर्षांमागं कुस्तुंतुनियात हे पाडलं, मग समुद्र, मग कुठला व्यापारी, मग गंगेची काळी माती, मग नांगर.

मी विचारलं, "साहेब, ते तसबिरींचं भांडण शेवटी कोण जिंकलं?"

"तसबीरवाले."

"काय म्हणून?"

"ते म्हणाले, आम्ही लाकडाला मान देत नाही. तसबिरीला दिलेला मान ती ज्याची आहे त्याला पोचतो."

"मंग ही हळद रूमला पोचती का मालनबाईला?"

साहेब हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. "पाठवणाऱ्याला विचारा. मला वाटतं बादशहा नुसता डाकिया आहे."

"आणि तसबीर त्या माणसासारखी दिसली न्हाई तर?"

"त्याच्यावर पंडित खूप भांडले. पण दगडूबा, एका बाबतीत झगडा कमी होता. माणसाच्या अंगाला लागलेली चीज. कपडा, हाड. त्यांचा एक मोठा संत कैदेत होता. त्याच्या पायातली साखळी त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यापुढं बादशहा वाकायचे."

"वितळवून तसबीर न्हाई केली?"

"बिलकुल नाही. साखळी ती साखळीच."

शंभर वर्षं भांडणारे, नाकं कापणारे, शिड्या ओढणारे हे रूमचे लोक मला तेव्हा पहिल्यांदा शहाणे वाटले.

दिवस कलायच्या आत साहेबांनी नाणं परत दिलं. दोन्ही हातांनी दिलं, जसं घेतलं होतं तसं. गयाबाईनं विचारलं, "झालं का बघून? आमची मालनबाईच ना?" साहेब म्हणाले, "बाई, दाढीचं मी लिहिणार. तुमच्या घराचं नाव लिहिणार नाही. आणि तुम्ही हिला मालनबाई म्हणता, हे पण लिहिणार. ते माझ्याहून तुम्हाला जास्त माहीत."

मालनबाई आपल्या जागी बसली. मी तोड्यासाठी हात पुढं केला. गयाबाई म्हणाली, "कामून?"

"माझा तोडा."

"नाव घेतलं, कुंकू लावलं, निवद दाखवला. बसवलेली सवाष्ण आता कशी उठवू? तिच्या जागी कोण बसंल?"

"अहो, मघाशी का न्हाई सांगितलं?"

"मघाशी तुम्ही बैलाच्या गळ्यात पडून रडत होते. तेव्हा सांगू?"

मी भडकलो. चार शब्द बोललो, ते इथं लिहीत नाही. तिनंही चार ऐकवले. बाईमाणसाशी भांडून मला दहा महिने झाले होते, हे भांडता भांडता लक्षात आलं. माझा आवाज आपोआप उतरला.

गयाबाई खाली बसली. "माहेर कुठलं बाईचं?"

मी गावाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ह्याच शिवारातली लेक. आता कोण हाये तिथं?"

"कोणी न्हाई. बारा वर्षं म्हणत होती, एकदा न्या. मी नेलं न्हाई."

तिनं उठून देव्हाऱ्यातला दिवा सारखा केला. "तोडे दोन असतात," ती म्हणाली. "एक सासरी न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगेवर गेलो, आंघोळ केली आणि उलट्या वाटेला लागलो. साहेब जालन्याला आगगाडीत बसले. डब्याच्या खिडकीतून त्यांनी मला औषधांची पेटी देऊ केली. मी घेतली नाही. सोनाराच्या दुकानावरून छकडा नेला, पण थांबवला नाही.

घरी आल्यावर मी कोणाला काही न विचारता देव्हारा पुसला, तोडा धुतला, हळद लावली. थोरला दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, टाक कुठाय?"

"हा काय."

"हा तर तोडा हाये. आणि एकच? दुसरा कुठं पाडला?"

"पाडला न्हाई. तुझी आई माहेरी गेलीये," मी म्हणालो. "ह्या खेपेला मी स्वतः सोडून आलो."